कार्ब्युरेटरला हात शेवटी

जुनी स्पोर्ट्स कार सपाट रस्त्यावर तासभर छान धावते, चढ लागला की गचके खायला लागते आणि चढ संपायच्या आत बंद पडते. दहा मिनिटं थांबून चावी फिरवली की काहीच झालं नसल्यासारखी पुन्हा सुरू होते. अशा गाडीचं बॉनेट उघडलं की बहुतेक हात थेट कार्ब्युरेटरकडे जातात. ‘कचरा आलाय’ हे निदान तयारच असतं. कार्ब्युरेटर खोलला जातो, धुतला जातो, स्क्रू थोडे इकडे-तिकडे फिरवले जातात, आणि पुढच्या चढाला गाडी परत तिथंच उभी राहते. आता मूळ बिघाड जिथल्या तिथं आहेच, शिवाय कार्ब्युरेटरचं बसलेलं सेटिंगही गेलं. माझं म्हणणं असं आहे की इंधन कमी पडण्याच्या तक्रारीत कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. त्याआधी दोन गोष्टी नीट पाहायच्या: तक्रार नेमकी कधी येते, आणि मिनिटाला किती पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतं. ही दोन उत्तरं हातात असली तर बिघाड कुठं आहे हे बहुतेक वेळा पाना न उचलता कळतं.

हे उलगडून बघायला ‘एमजीबी’ ही ब्रिटिश गाडी चांगली. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. त्यामुळे आज जगात सर्वाधिक दुरुस्त होणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये तिची गणना होते. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्याला परकं नाही. आपल्या अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षं असलेलं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरिज’चं. एमजीबीत पेट्रोलचा प्रवास सरळ आहे. टाकी मागे, डिकीखाली. टाकीत पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी. मागच्या चाकाजवळ विजेवर चालणारा एस.यू. कंपनीचा पंप. तिथून गाडीखालून पुढं येणारी धातूची नळी, मध्ये रबरी होजचे तुकडे, बऱ्याच गाड्यांत एखादा फिल्टर, आणि शेवटी, बहुतेक गाड्यांत, दोन एस.यू. कार्ब्युरेटर. प्रत्येकाला स्वतःचं फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोलचा छोटा साठा. म्हणजे टाकीपासून जेटपर्यंत (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल हवेत सोडणाऱ्या भोकापर्यंत) अडथळा येण्याच्या डझनभर जागा आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक गाडीच्या मागच्या भागात, नजरेआड आहेत. कार्ब्युरेटर समोर दिसतो आणि त्याला फिरवायला स्क्रू आहेत, एवढ्यावरच तो आरोपी ठरतो.

कार्ब्युरेटरवर पहिला संशय न घेण्याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. एस.यू. हे नाव स्किनर्स युनियनवरून आलं. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कार्ब्युरेटर बनवला. आत एक पिस्टन असतो. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा तो वर उचलला जातो, आणि त्याच्या तळाला लावलेली निमुळती सुई जेटमधून तेवढीच बाहेर येते. हवा वाढली की पेट्रोलची वाट आपोआप रुंद होते. यात झीज होते, पण ती हळूहळू होते. थ्रॉटलचा दांडा घासला जातो आणि तिथून फुकटची हवा शिरू लागते, सुई जेटच्या एका बाजूला घासते, वरच्या नळकांड्यातलं तेल संपतं. मात्र हे दोष गाडीत कायम हजर असतात. सकाळी नव्हते, वीस किलोमीटरनंतर आले आणि दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर गेले, असं ते वागत नाहीत. काल बरोबर असलेला स्क्रू रात्रीतून आपण होऊन फिरत नाही. येणारी-जाणारी तक्रार ही वाहत्या पेट्रोलाची, तापमानाची किंवा विजेची असते.

आता थोडं गणित, कारण चढावरच गाडी का अडते हे त्यातूनच कळतं. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाणारी एमजीबी लिटरला दहा किलोमीटर देत असेल, तर तासाला आठ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला जेमतेम १३० मिलिलिटर. तीच गाडी पूर्ण ताकदीने चढ चढताना मिनिटाला चार-साडेचारशे मिलिलिटरपर्यंत जाते. चांगल्या अवस्थेतला एस.यू. पंप मिनिटाला लिटरभर पेट्रोल सहज देतो, म्हणजे कमाल गरजेच्याही दुपटीहून जास्त. ही मोठी शिल्लकच निदानाला चकवते. पंप अर्धा थकला तरी गाडीला काही जाणवत नाही. मिनिटाला अडीचशे मिलिलिटरवर आला तरी शहरात आणि सपाटीला ती उत्तम चालते. चढावर पाय दाबला की इंजिन चारशे मागतं, येतात अडीचशे. तूट फ्लोट चेंबरमधल्या साठ्यातून भागते, तो साठा थोड्याच वेळात संपतो, आणि गाडी आचके देत थांबते. थांबल्यावर चेंबर पुन्हा भरतात, म्हणून दहा मिनिटांनी ती सुरू होते. जागेवर उभ्या गाडीला रेस देऊन ‘सगळं ठीक आहे’ असं सांगणारी तपासणी म्हणूनच निरुपयोगी आहे. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो आणि पेट्रोलची मागणीही त्यामुळे कमीच राहते.

म्हणून मोजायचं. कार्ब्युरेटरला येणारी होज सोडवून तिचं तोंड खुणा असलेल्या भांड्यात धरायचं, चावी फिरवायची आणि घड्याळ लावून एक मिनिट पंप चालू द्यायचा. हे काम उघड्यावर आणि गार इंजिनावर करायचं, जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवायचं, आसपास कुणाच्या हातात विडी-सिगारेट असता कामा नये, आणि भांडं धातूचं किंवा पेट्रोलला टिकणारं हवं. लिटरच्या आसपास पेट्रोल आलं तर टाकी, पंप आणि नळ्या निर्दोष आहेत, निदान त्या घटकेला तरी. तीनशे-चारशे मिलिलिटरच आलं तर कार्ब्युरेटरकडे बघायचं कारणच उरलं नाही. आकड्याइतकंच धारेकडेही लक्ष द्यायला हवं. धार ठोक्याठोक्याने पण भरीव यायला हवी. तिच्यात बुडबुडे दिसले तर पंपाच्या अलीकडे, टाकी आणि पंपाच्या मधल्या जोडात, हवा शिरते आहे. तिथं पेट्रोल खेचलं जातं, ढकललं जात नाही, म्हणून बारीक भेगेतून पेट्रोल बाहेर गळत नाही, हवाच आत ओढली जाते. जमिनीवर थेंब नाही, म्हणून जोड चांगला असं मानलं जातं, पण या भागात तो पुरावा नसतो.

एस.यू. पंप स्वतःच बरंच सांगतो, फक्त त्याची रचना माहीत हवी. आत एक कॉईल आहे, ती डायफ्राम मागे ओढते आणि पेट्रोल आत येतं. मग पॉइंट उघडतात, वीज तुटते, आणि स्प्रिंग डायफ्रामला पुढं ढकलते. पेट्रोल ओढायचं काम वीज करते, ढकलायचं काम स्प्रिंग करते. त्यामुळे पंपाचा दाब, साधारण तीन पौंडांच्या आतबाहेर, स्प्रिंगवर ठरतो. चावी फिरवली की टक-टक-टक असा भराभर आवाज येतो, चेंबर भरले की तो थांबतो. इंजिन बंद आणि चावी चालू असताना अर्ध्या मिनिटात एखादा ठोका पडला तर चालतं. ठोके संपतच नाहीत, पण पेट्रोलही नीट येत नाही, तर पंप हवा ओढतो आहे किंवा त्याच्या झडपा धरत नाहीत. ठोके चालू आहेत आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओघळतं आहे, तर फ्लोटची सुई, म्हणजे चेंबर भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी, बसत नाही. पंप गप्प आहे आणि गार आहे, तर पुढची वाट तुंबली असेल: स्प्रिंगला पेट्रोल ढकलता येत नाही, पॉइंट उघडेच राहतात, वीज वाहतच नाही. गप्प आहे पण हाताला गरम लागतो, तर मागची वाट तुंबली आहे: कॉईल जोर लावून ओढते आहे, डायफ्राम पुरता मागं येत नाही, पॉइंट उघडत नाहीत आणि कॉईल तापत राहते. गार आणि गरम यांतला हा फरक हाताला काही क्षणांत कळतो, आणि टाकीकडे जायचं की इंजिनाकडे हे त्यावरून ठरतं. गप्प आणि गार पंपाला वीज पोचते का हे मात्र आधी दिव्याने किंवा मीटरने बघायचं. काजळलेले पॉइंट आणि गंजलेलं अर्थिंग ही जुन्या गाडीतली नित्याची दुखणी आहेत.

वेळेवरून निदान कसं होतं याचं उत्तम उदाहरण टाकीचं झाकण. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा टाकीत यायला हवी. सुरुवातीच्या एमजीबीत ही हवा झाकणातल्या छिद्रातून येत असे. पुढं अमेरिकेत बाष्प रोखण्याचे नियम आले, तेव्हा झाकण बंदिस्त झालं आणि हवा कोळशाच्या डब्यामार्गे वेगळ्या नळीतून येऊ लागली. दोन्ही झाकणं बाहेरून जवळजवळ सारखीच. जुन्या गाडीला नव्या धर्तीचं झाकण बसलं की टाकीत हळूहळू निर्वात पोकळी तयार होते, पंपाला खेचणं जड जातं, आणि अर्ध्या-पाऊण तासाने गाडी दम तोडते. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान संपलं, खर्च एका झाकणाचा. झाकण न उघडता नुसतं थांबल्यावरही अशी गाडी सुरू होऊ शकते, कारण हवा सांदीकोपऱ्यातून हळूहळू आत येतेच. या योगायोगामुळे कितीतरी कार्ब्युरेटर विनाकारण खोलले गेले असतील. टाकीतल्या गंजाची वागणूकही ओळखीची आहे. चालत्या गाडीत गंजाचा चुरा जाळीवर ओढला जाऊन चिकटतो आणि वाट बुजते. गाडी थांबली की ओढ संपते, चुरा खाली बसतो आणि वाट मोकळी होते.

दोन कार्ब्युरेटर असणं हे एमजीबीच्या मालकाला त्रासाचं वाटतं, पण निदानाच्या दृष्टीने ते वरदान आहे. पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला पुरवठा करतो, मागचा तिसऱ्या-चौथ्याला. चढावर तक्रार सुरू होताच इंजिन बंद करून, गाडी सुरक्षित जागी थांबवून चारही प्लग काढून बघावेत. चारही पांढुरके दिसत असतील तर पेट्रोल दोन्हीकडे कमी पडतं आहे, आणि दोन वेगवेगळे कार्ब्युरेटर एकाच क्षणी सारखेच बिघडण्याची शक्यता फार थोडी. म्हणजे दोष दोघांच्या अलीकडच्या सामाईक वाटेत आहे. दोनच प्लग पांढुरके आणि दोन नेहमीच्या तांबूस रंगाचे असतील, तरच त्या एका कार्ब्युरेटरचा नंबर लागतो. तिथंही सुरुवात फ्लोट चेंबरचं झाकण उघडून सुईखाली कण अडकला आहे का हे बघण्यापासून. मिश्रण कमी-जास्त करणारा नट तेव्हाही तसाच राहू द्यायचा.

यावर जाणकार मंडळी एक रास्त आक्षेप घेतील: पेट्रोलची म्हणून दिसणारी अर्धी तक्रार विजेची असते. हे खरंच आहे. तापल्यावर दगा देणारी कॉईल किंवा कंडेन्सर अगदी असंच वागतात. अर्ध्या तासाने गाडी बंद, गार झाल्यावर सुरू. म्हणून ठिणगीची खात्री पेट्रोलच्या आधी करायला हवी, आणि एमजीबीत त्यासाठी समोरच साधन आहे. बहुतेक एमजीबींत आरपीएमचा काटा इग्निशनच्या विजेवर चालतो. गाडी गिअरमध्ये चालत असताना इंजिन गेलं आणि चाकं ते फिरवत असतानाही काटा एकदम शून्यावर पडला, तर इग्निशनची प्राथमिक वीज तुटली. काटा इंजिनाच्या वेगाबरोबरच खाली आला, तर पेट्रोलचा संशय बळावतो. जाण्याची तऱ्हाही वेगळी असते. वीज गेली की इंजिन दिवा मालवल्यासारखं एका क्षणात जातं. पेट्रोल संपत आलं की आधी ओढ कमी होते, गाडी पुढेमागे झटके देते, कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो. चालवणाऱ्याने हे नीट सांगितलं तर मिस्त्रीचं निम्मं काम होतं. ‘गाडी मिसिंग करते’ एवढंच सांगितलं तर त्याला काहीच कळत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. मुरलेला मिस्त्री आवाजावरून सांगतो, त्याला बाटली आणि घड्याळ कशाला? मुरलेल्या कानाबद्दल मला आदर आहे, पण तो कान कशावर मुरला हेही बघायला हवं. आपल्याकडची एक पिढी पद्मिनी गाडीवर तयार झाली. तिचा पंप इंजिनालाच जोडलेला, यांत्रिक. इंजिनाच्या उष्णतेत बसून मागच्या टाकीतून पेट्रोल खेचणारा. खेचलेल्या पेट्रोलवरचा दाब कमी होतो, ते लवकर उकळतं, आणि नळीत वाफ धरते. घाटात गाडी उभी करून पंपावर ओलं फडकं टाकायचं ही रीत त्यातून आली, आणि त्या गाडीपुरती ती शंभर टक्के शास्त्रशुद्ध होती. एमजीबीत पंप मागे आहे, इंजिनापासून दूर, आणि लांबच्या नळीत पेट्रोल दाबाखाली असतं, त्यामुळे चालत्या गाडीत वाफ धरण्याचा संभव कमी. तिथं उष्णता वेगळी आडवी येते. दोन्ही कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या वरच बसलेले आहेत, मध्ये फक्त पत्र्याचं संरक्षण. तापलेली गाडी बंद केली की हवेचा झोत थांबतो आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. म्हणून ती चढावर अडत नाही, चहाला थांबून निघताना सुरू व्हायला त्रास देते. बिघाडाचं नाव एकच, ‘वाफ धरली’, पण वेळ निराळी, जागा निराळी आणि उपायही निराळा. इथं ओलं फडकं नव्हे, तो पत्रा जागेवर आहे का हे बघायचं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. एवढं शोधत बसण्यापेक्षा पंप, नळ्या, फिल्टर सगळं नवं टाकावं आणि मोकळं व्हावं. रबरी होजबाबत मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. जुनी होज बाहेरून धडधाकट दिसते, आतला थर मात्र फुगून सुटतो आणि खेच पडली की झडपेसारखा मिटतो. ती तपासण्यापेक्षा बदलणं बरं, आणि आगीचा धोका बघता तिथं काटकसर नको. पंपाचं मात्र तसं नाही. बाजारात मिळणारे बरेच विजेचे पंप पाच-सात पौंड दाब देतात. एस.यू.च्या फ्लोटची सुई तेवढ्या दाबाला बसत नाही, पेट्रोल ओसंडतं, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट आहे. शिवाय अर्थिंग खराब असेल तर नवा पंपही तितकाच थकलेला वाटेल, जाळी तुंबली असेल तर नवाही तापेल. पंप खरोखर गेलाच असेल, तर एस.यू.च्याच मापाचा, त्याच दाबाचा पंप आजही बनतो, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलासुद्धा. तो बसवायला माझी हरकत नाही. मात्र आधी मोजावं, मग बदलावं आणि बदलल्यावर पुन्हा मोजावं. भारतात २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. पंपाने ती नोंदणी जाणार नाही, पण न मोजता सुटे भाग बदलत गेलं की मूळ रूप असंच, एकेका भागाने, जातं.

एक कारण मात्र असं आहे की त्यासाठी कार्ब्युरेटरला हात लावावाच लागतो, आणि ते या गाड्या बनल्या तेव्हा नव्हतं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आपल्याकडे ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं आहे. इथेनॉल पाणी शोषतं, जुनं रबर फुगवतं, आणि वर्षानुवर्षं साचलेला चिकटा सोडवून फिल्टरकडे पाठवतं. म्हणून गाडी नव्या पेट्रोलवर आली की पहिले काही महिने फिल्टर वरचेवर बघावा लागतो. पण इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ पट, वीस टक्के इथेनॉलला साडेतेराच्या आसपास. जुन्या सेटिंगवर गाडी सात-आठ टक्के कोरडी, म्हणजे गरजेपेक्षा कमी इंधनावर, चालते. प्रवाह मोजला, ठिणगी बघितली, फिल्टर स्वच्छ आहे, आणि तरीही चारही प्लग सगळ्या वेगांना थोडे पांढुरकेच येतात, गाडी चढावर अडत नाही पण कायमच मंद वाटते, तर ही ती वेळ. इंजिन पूर्ण तापवून कार्ब्युरेटरखालची पिन बोटाने दाबून पिस्टन मिलिमीटरहून किंचित कमी उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट, लगेच पडला तर कोरडं, क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. कोरडं असेल तर जेटखालचा षटकोनी नट एक कड खाली फिरवायचा, पुन्हा पिन दाबून बघायची, आणि दुसऱ्या कार्ब्युरेटरलाही तेवढंच फिरवायचं.